जुळलेला समुद्र

दहापैकी दोन मार्क मिळालेली मुलगी भांडायला येते तेव्हा ती रडवेली तरी असते, नाहीतर आईला बरोबर घेऊन तरी येते. तहसीन मुकादम यांतलं काहीच करत नव्हती. डॉ. वैजयंती मेतर यांच्या टेबलासमोर उभी राहून ती शांतपणे म्हणत होती, "मॅडम, माझं टायट्रेशन कुठे चुकलं, तेवढं दाखवा."

वैजयंतीला त्या दिवशी मुळात एका जागी बसवत नव्हतं. ऑक्टोबर अर्धा सरला होता. विद्यापीठ ज्या कातळाच्या सड्यावर होतं तिथलं गवत वाळून पिवळं पडलं होतं. हवा बदलली असेल, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. पण बावन्न वर्षांत हवा काय पहिल्यांदाच बदलत होती?

"चुकलं असं कोण म्हणतंय?" ती म्हणाली. "आकडा जुळत नाही, इतकंच."

"कशाशी जुळत नाही?"

"प्रतिसागराशी. तो तळाच्या पाण्यात ऑक्सिजन चार दाखवतोय. तू शून्य लिहिलंयस. एकदा नाही, ऑगस्टपासून सतत. शून्य ऑक्सिजन म्हणजे काय ते कळतं ना तुला?"

"कळतं. पण मी प्रतिसागरात बाटली बुडवली नव्हती, मॅडम. खारवणच्या समुद्रात बुडवली होती."

ही पोरगी फटकळ आहे हे सगळ्या विभागाला माहीत होतं. तिचं उत्तर वैजयंतीला झोंबलं, आणि त्यात तथ्य असल्यामुळे जरा जास्तच झोंबलं. "रसायनं जुनी असतील. नवी काढून घे," असं म्हणून तिने विषय मिटवला. तहसीन गेली, पण जाताना बाटल्यांची पेटी मुद्दाम टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून गेली.

प्रतिसागर म्हणजे संगणकात बांधलेला दुसरा समुद्र. पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पाण्याचे लहान लहान ठोकळे पाडायचे, प्रत्येक ठोकळ्यात तापमान, खारटपणा, प्रवाह, वारा असं सगळं भरायचं, आणि येत्या आठवड्यात खऱ्या समुद्रात काय घडणार ते या समुद्रात आधीच घडवून बघायचं, असा तो खटाटोप होता. पृष्ठभागाची माहिती उपग्रह देत. पण उपग्रहाला पाण्याच्या पोटातलं दिसत नाही, आणि पोटातली खरी कळ सांगतो तो पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. तो मोजणारी उपकरणं कायमची बुडवून ठेवली की त्यांच्यावर शेवाळ चढतं, कालवं बसतात, आणि ती भलतंसलतं बोलू लागतात. त्यामुळे जुनी रासायनिक पद्धतच अजूनही खरी धरली जाई. खोलवरचं पाणी बाटलीत घ्यायचं, होडीतच त्यात दोन रसायनं घालून बूच बसवायचं, आणि मग प्रयोगशाळेत थेंब थेंब मोजत बसायचं. हे किचकट काम दर आठवड्याला किनाऱ्यावर अकरा ठिकाणी कोण करणार? त्याचं उत्तर वैजयंतीने शोधलं होतं: बी.एस्सी.ची मुलं.

अकरा कॉलेजं, त्यांची मुलं आणि त्यांच्या बाटल्या यांची मोट तिने बांधली होती. मुलांना संशोधनाची गोडी लागेल आणि यंत्राला खरे आकडे मिळतील, असा दुहेरी बेत होता. पहिल्या वर्षी मुलांनी आणलेले आकडे पाहून तिने कपाळावर हात मारला. एकाच बाटलीतून एकाला दोन आणि दुसऱ्याला सात. कुणी बुडबुडा राहू दिलेला, कुणी थेंब मोजताना गप्पा मारलेल्या. मग तिने एक नियम केला. तुमचा आकडा प्रतिसागराच्या आकड्याच्या जितका जवळ, तितके मार्क जास्त. नियम रामबाण ठरला. वर्षभरात सगळ्या किनाऱ्याचे आकडे यंत्राशी अगदी गळ्यात गळा घालून येऊ लागले. परिषदांमध्ये तिचं कौतुक झालं, बाहेरून माणसं बघायला आली. याला आता सात वर्षं झाली होती.

ती पेटीकडे बघत होती तेवढ्यात फोन वाजला. खारवणहून जनादादा बोलत होता, तिचा सख्खा थोरला भाऊ.

"वैजू, जेवलंस मा?"

"जेवले. तू बोल."

"काय नाय गो. मासे चारो खायनत नाय. टाकलेलो तसोच रवता. दोन दिवस झाले."

जनादादा आता जाळी मारायला जात नसे. वरचं पाणी वर्षातले चार महिने असं तापायचं की बांगडा-तारली किनाऱ्याकडे फिरकेनाशी झाली होती. मग खारवणच्या मच्छीमार गाबितांनी पिंजरे घेतले. चाळीभर लांबीचे जाळीचे पिंजरे समुद्रात टांगून त्यात जिताडे वाढवायचे, आणि ऊन वाढलं की विंचच्या रहाटाने पिंजरा खाली सोडायचा, थंड पाण्यात. किती खाली, ते प्रतिसागर रोज सकाळी फोनवर कळवत असे. त्याने सांगितलेल्या खोलीला पिंजरा असेल तरच विमा लागू. दादाला हे सगळं प्रथम पटलं नव्हतं. "उंटावरसून शेळ्ये हाकतलो तो," असं म्हणत त्याने वर्षभर टाळाटाळ केली होती. बहिणीने अंगणात बसून त्याला समजावलं, नकाशे दाखवले, आपल्या हाताने त्याच्या फोनवर ते यंत्र बसवून दिलं. तेव्हा कुठे तो पाण्यात उतरला, तेही वडलांची मोठी होडी विकून, लहान तेवढी ठेवून.

"यंत्र काय म्हणतंय?" तिने विचारलं.

"हिरवा आसा. उद्या सकाळी अजून खाली सोडूक सांगता. वीस मीटर. वर पाणी कडकडीत तापलासा मा."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "ऊन उतरलं की खातील."

फोन ठेवताना तिची नजर पेटीवर गेली. वीस मीटर. तहसीनच्या पेटीतल्या एका बाटलीवर तोच आकडा होता.

तिने पेटी ओढून घेतली. बाटल्या होडीतच रसायनं घालून बंद केलेल्या होत्या, जशा करायला शिकवलं होतं तशाच. या पद्धतीची गंमत अशी की मोजण्याआधीच डोळ्यांना उत्तर दिसतं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर बाटलीत गूळ खवल्यासारखा तपकिरी साका धरतो. जितका ऑक्सिजन, तितका रंग गडद. आणि ऑक्सिजन नसेलच, तर साका पांढराशुभ्र राहतो. पेटीतली पृष्ठभागाची बाटली तपकिरी होती. दहा मीटरची फिकट. अठराची पांढरी, विसाची पांढरी, तळाची पांढरी.

रसायनं जुनी असतील, असं मघाशी तिनेच म्हटलं होतं. मग बघूया. ती प्रयोगशाळेत गेली. तिसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल चालू होतं, मुलं टेबलांना टेकून उभी होती. तिने कुणाशी न बोलता रिकामी बाटली नळाखाली भरली, तहसीनच्या पेटीतलीच दोन रसायनं तिच्यात घातली आणि बूच लावून हलवली. एका क्षणात तपकिरी ढग उतरला. रसायनं ठणठणीत होती.

तिला खुर्ची ओढून बसावंसं वाटलं, पण मुलं बघत होती. बाकीच्यांनीही बाटल्या त्याच होडीतून, त्याच जागेवर भरायच्या होत्या. त्यांचा आकडा चार, तहसीनचा शून्य. तिने समोरच्या टेबलावरची एक पेटी उघडली. ती पियूष राऊळची होती. वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा, सगळ्या महिन्यांत दहापैकी दहा. पेटीतल्या बाटल्या कोरड्या होत्या. त्यात कधी समुद्र गेलाच नव्हता.

"पियूष," ती म्हणाली, "या आठवड्याचं टायट्रेशन तू केलंस?"

पियूषने शेजारच्या मुलाकडे पाहिलं.

"कुणी कुणी केलं? मी मार्क कापणार नाही. फक्त हात वर करा."

तहसीनचा हात वर गेला. एकटीचाच.

"मागच्या आठवड्यात? मागच्या महिन्यात?"

शेवटी पियूषच बोलला. त्याच्या आवाजात गुन्हेगारासारखं काही नव्हतं, उलट मॅडमना इतकी साधी गोष्ट कशी ठाऊक नाही याचं नवल होतं. "मॅडम, प्रतिसागराचा आकडा आधीच फोनवर दिसतो ना. पहिल्या सेमला मी खरंच करायचो. तीनदा केलं तर तीन आकडे यायचे, आणि मार्क पाच. सीनियर म्हणाले, वेडा आहेस का? चार दिसत असेल तर तीन पूर्णांक नऊ लिही. अगदी चार लिहिलं तर संशय येतो."

"सगळे असंच करतात?"

"आपल्याकडे तरी. बाकीच्या कॉलेजांचं... मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

वैजयंतीला खरोखर माहीत नव्हतं का? तिने स्वतःही कॉलेजात असताना लंबकाचे झोके न मोजता पुस्तकातल्या उत्तरावरून उलटं गणित केलं होतं. रीडिंग जुळवणं हे कुणी शिकवत नाही आणि कुणी न शिकता राहत नाही. फक्त तिच्या वेळी ते खोटे आकडे जर्नलमध्ये जाऊन रद्दीत जात. हे आकडे यंत्रात जात होते. यंत्र म्हणे चार. मुलं यंत्र बघून लिहीत तीन पूर्णांक नऊ. यंत्र ते वाचून म्हणे, बघा, माझं बरोबर होतं. सात वर्षं तो समुद्र आरशासमोर उभा राहून स्वतःलाच शाबासकी देत होता. आणि खरा समुद्र बापडा बाहेर त्याला हवं ते करत होता.

काय करत होता तेही तिला आता दिसू लागलं, कारण वर्गात दरवर्षी तीच ते शिकवत असे. पावसाळ्यात खोल समुद्रातलं थंड पाणी किनाऱ्याकडे सरकतं. त्यात मुळातच ऑक्सिजन कमी. वर नद्यांचं गोडं पाणी झाकणासारखं पसरतं, त्यामुळे हवा खाली उतरत नाही. तळाशी पडलेलं सगळं कुजायला लागतं, आणि कुजताना होता नव्हता तो ऑक्सिजन संपवतं. हा गुदमरलेला थर पूर्वीही यायचा आणि जायचा. समुद्र तापत गेला तसा तो जाड होत गेला असणार. मोकळे मासे त्याची चाहूल लागताच पळतात. पिंजऱ्यातले मासे चारा खायचे थांबतात.

"तहसीन," ती म्हणाली, "ऑगस्टमध्ये पांढरं कुठून सुरू होत होतं?"

"तळाला. सप्टेंबरमध्ये वीसपर्यंत आलं. आता अठरा. आणि मॅडम, आज संध्याकाळपासून उत्तरेचा वारा सांगितलाय."

उत्तरेचा वारा किनाऱ्यालगत सुटला की वरचं पाणी बाहेर ढकलतो, आणि त्याची जागा घ्यायला खालचं पाणी वर येतं. हेही वैजयंतीनेच शिकवलं होतं, आणि परीक्षेला विचारलंही होतं.

विभागातून निघण्यापूर्वी तिने दोन गोष्टी केल्या. तहसीनचे शून्य आकडे प्रतिसागरात भरून पाहिले. यंत्राने ते बाजूला टाकले आणि अदबीने कळवलं की शेजारच्या केंद्रांशी विसंगत असल्यामुळे हे आकडे उपकरणदोष मानले आहेत. मग तिने उत्तरेकडच्या कॉलेजातल्या वर्तक सरांना फोन लावला. सर तिच्याहून वडील, सज्जन, निवृत्तीला आलेले.

"सर, तुमच्याकडचे ऑक्सिजनचे आकडे खरे आहेत का?"

"म्हणजे काय मॅडम? शंभर टक्के जुळतात."

"मुलं बाटल्या भरताना तुम्ही कधी बघितलंत?"

सर मनापासून हसले. "अहो, आकडे इतके सुरेख येतात, मग कशाला मुलांच्या मागे लागायचं?"

खारवणला पोचेपर्यंत दुपार टळली होती. गाडीत तहसीन मांडीवर पेटी घेऊन बसली होती आणि वैजयंती दर वळणावर ब्रेक जरा उशिराच दाबत होती. वाटेत तिच्या मनात सारखं एकच येत होतं. दादाने पिंजरा वर घेतला आणि वरच्या उन्हाने मासे मेले, तर ते तिच्यामुळे. खालीच ठेवला आणि गुदमरून मेले, तरी तिच्यामुळेच.

जनादादा बंदरावरच होता. बहिणीला अशी अवेळी आलेली पाहून तो हसला, आणि मग तिचा चेहरा बघून हसायचा थांबला. तिने त्याला सगळं सांगितलं. मुलांचं, मार्कांचं, आरशाचं. तो ऐकत होता आणि हातातल्या दोरीला उगाच पीळ देत होता.

"माका त्यातला काय कळता?" तो शेवटी म्हणाला. "तूच सांगलंस, माणसापरीस यंत्राक ज्यास्त कळता. आता तूच सांगतंस, यंत्राक कळणा नाय. मी खंयच्या वैजूचा ऐकू?"

"माझं नको ऐकूस. होडी काढ. बाटली बघ."

पिंजऱ्यांपर्यंत होडीने फार वेळ लागला नाही. शेजारी बाबल जुवाटकरची होडी उभी होती. तो दादाचा लहानपणापासूनचा सोबती, त्याचे पिंजरे दादाच्या पिंजऱ्यांना लागूनच. पाणी काचेसारखं स्वच्छ आणि वर हात घातला तर अंघोळीच्या पाण्याइतकं गरम. समुद्र इतका शांत आणि देखणा दिसत होता की वैजयंतीला स्वतःचीच शंका यायला लागली.

तहसीनने दोरीवर नळकांडं सोडलं, वजन टाकून त्याची तोंडं मिटवली आणि वर ओढलं. बाटली काठोकाठ भरली, बुडबुडा राहू दिला नाही. रसायनं घातली. चौघंही बाटलीकडे बघत राहिले. आत दुधाच्या साईसारखं काहीतरी फिरलं आणि पांढरंच खाली बसत गेलं.

"पांढरा म्हणजे चांगला मा?" बाबलने पलीकडच्या होडीतून विचारलं.

"नाही काका," तहसीन म्हणाली. "पांढरं म्हणजे खाली श्वासच नाही. ही सोळा मीटरची आहे. परवा अठराला होतं."

मग तिने वरचं पाणी दुसऱ्या बाटलीत घेतलं. ते तपकिरी झालं. दादाने दोन्ही बाटल्या दोन हातांत धरल्या. त्याच्या पिंजऱ्याचा तळ आत्ता पंधरा मीटरवर होता आणि फोनमध्ये सगळं हिरवं होतं.

"वर घेतलंय आणि उन्हान मेले तर?" त्याने विचारलं.

"काही मरतीलच," वैजयंती म्हणाली. "किती ते मला सांगता येत नाही."

"आणि इमो?"

विम्याची अट अशी होती की यंत्राने सांगितलेली खोली मोडायची तर योजनेच्या समन्वयकाने लेखी द्यायला हवं, की या ठिकाणी प्रतिसागर चुकतोय आणि तो का चुकतोय. समन्वयक म्हणजे वैजयंतीच. का चुकतोय याच्यापुढे काय लिहायचं ते तिला पूर्ण माहीत होतं. आमच्या मुलांनी सात वर्षं समुद्र मोजलाच नाही, कारण न मोजणाऱ्यालाच आम्ही मार्क दिले. एकदा हे लिहिलं की नाव, योजना, अकरा कॉलेजं, सगळ्यांवर पाणी. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"तू लिवन देशीत?" दादाने विचारलं. तो तिच्याकडे बघत नव्हता.

तिला भीती वाटली. लहानपणी याच माणसाने तिला पाठीवर घेऊन खाडी ओलांडून शाळेत सोडलं होतं, आणि आता तो तिच्याकडे मान वर करून बघू शकत नव्हता. तिने फोन काढला, होडीच्या फळीवर बसली आणि लिहायला लागली. एक शब्दही मऊ केला नाही. खाली अंगठा लावला आणि पाठवून दिलं.

"घे वर," ती म्हणाली.

विंच कुरकुरत फिरू लागला. बाबल मात्र जागचा हलला नाही. वैजयंतीने त्याला दोनदा समजावलं, त्याच्या पिंजऱ्यांसाठीही लिहून देते म्हणाली. तो नम्रपणे हात जोडून म्हणाला, "मॅडम, सात वर्सां तुमच्याच यंत्रान आमका जगवल्यान. आता एका बाटलीसाठी त्येका खोटा कसा पाडू?" आणि यंत्राने उद्या सकाळी करायला सांगितलं होतं ते काम आजच उरकून टाकावं म्हणून त्याने आपला पिंजरा वीस मीटरवर सोडला.

दादाचा पिंजरा वर आला. तासाभराने पहिला जिताडा पोट वर करून तरंगला. मग आणखी दोन, मग पाच. दादा जाळीच्या टोपलीने मेलेले मासे काढत होता. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं असं वैजयंतीला वाटत होतं. एकेक मासा निघताना तिला वाटायचं, ओरडून सांगावं, सोड पुन्हा खाली. तहसीन दर थोड्या वेळाने बाटली बुडवत होती आणि आकडा तेवढा सांगत होती. पंधरा पांढरं. चौदा पांढरं. वारा सुटला होता. अंधार पडायच्या आत दादाने दोघींना बंदरावर आणून सोडलं, आणि स्वतः पुन्हा पिंजऱ्यापाशी गेला. दोघी रात्री त्याच्याच घरी राहिल्या.

पहाटे गावाला वास आला. कुजक्या अंड्यांचा वास समुद्रावरून थेट अंगणात येत होता. बंदरावर माणसं जमली होती. उजाडल्यावर वैजयंती आणि तहसीन होडीतून गेल्या तेव्हा बाबलने पिंजरा नुकताच वर घेतला होता. आत पाणी दिसत नव्हतं. एकावर एक नुसती पांढरी पोटं होती. बाबल विंचचा दांडा धरून उभा होता आणि त्याचा फोन खिशात वाजून वाजून सांगत होता की खोली योग्य आहे.

दादाच्या पिंजऱ्यातले तिसरा हिस्सा मासे उन्हाने गेले होते. उरलेले वरच्या पाण्यात दाटीवाटीने फिरत होते. जिवंत होते. वैजयंतीचे डोळे भरून आले. तिने दादाच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही, पण धरलाही नाही.

"ह्या पोरीक कदीपासून ठाव होता?" त्याने विचारलं.

"ऑगस्टपासून."

"तुका सांगल्यान नाय?"

"दर आठवड्याला सांगत होती."

दादाने मान हलवली. मग बाबलच्या होडीकडे बघत राहिला. सकाळच्या त्या उजेडात बाबल खाली बसला होता आणि त्याचा मुलगा त्याला पाणी देत होता. "त्येका ता तू सांग," दादा म्हणाला. "माका जमूचा नाय."

ती उठली. बाबलच्या होडीत पाय टाकणार तेवढ्यात तिचा फोन वाजला. वर्तक सर होते. नेहमीसारखा प्रसन्न आवाज.

"मॅडम, तुमच्या केंद्राचा या आठवड्याचा आकडा काही दिसत नाही. प्रवासात आहात का? प्रतिसागर तुमच्याकडे चार दाखवतोय. मीच तीन पूर्णांक नऊ भरून टाकू?"

"सर," ती म्हणाली, "तुमच्याकडचे पिंजरे आत्ता किती खोल आहेत?"

"यंत्राने सांगितलेत तितके. आज वीसवर गेले ना, उन्हामुळे."

"तुमच्याकडेही उत्तरेचा वारा आहे?"

"आहे की. छान गार वाटतंय."

वैजयंतीने डोळे मिटले. नाकात तो वास होता. तिने तहसीनला खुणेने जवळ बोलावलं आणि फोन तिच्या हातात दिला.

"सर, माझी विद्यार्थिनी बोलेल. बाटली कशी भरायची ते ती सांगेल, तसं करा. तुम्ही स्वतः. आत्ता. आणि पिंजरेवाल्यांना बोलावून घ्या, मी त्यांनाही लिहून देते."

मग ती बाबलच्या होडीत चढली. मेलेल्या माशांतून वाट काढत त्याच्यासमोर जाऊन बसली, आणि त्याने मान वर करायची वाट बघत राहिली.